ब्लॉग, पॉडकास्ट आणि श्रोत्यांची शिरगणती

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी विद्याप्रसार, उद्योगधंदे, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर विचार मांडले जातात. यंदा चिटणीसांनी मजकडे जो विषय सोपविला, तो ऐकताच पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठ्या उमटल्या. ब्लॉग आणि पॉडकास्ट यांचा नामदेव शिंपी समाजाशी संबंध तो काय, असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही. परंतु संबंध आहे, आणि तो मंडळाच्या निधीशी व एका प्रलंबित निर्णयाशी आहे.

आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊकच आहे की, आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी मंडळापुढे एक योजना ठेविली आहे. ज्ञातीतील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या, विशेषतः ज्यांनी आपला जन्म शिवणकामात घालविला अशांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात मुद्रित कराव्यात, आणि त्या पॉडकास्टच्या रूपाने सर्वांस ऐकावयास खुल्या कराव्यात, अशी ती योजना होय. तीवर चर्चा चालू असता एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "हे सारे ठीक, पण ऐकणार किती?" या प्रश्नास सभेत कोणासही उत्तर देता आले नाही आणि विषय पुढील सभेवर गेला. प्रश्न रास्त होता. ज्ञातीचा पैसा ज्ञातीने काटकसरीनेच खर्चावा. मात्र या प्रश्नाचे उत्तर आकड्याने मिळते काय, आणि जो आकडा मिळतो तो नेमका कशाचा असतो, याची थोडी फोड केल्यावाचून निर्णय घेणे म्हणजे माप न घेता कापडाला कातर लावण्यासारखे होईल. ती फोड करण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम ब्लॉग म्हणजे काय ते पाहू. १९९७ च्या डिसेंबरात जॉर्न बार्जर नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने इंटरनेटवर आपण रोज जे वाचतो त्याची टिपणवही ठेवावयास आरंभ केला आणि तिला 'वेबलॉग' हे नाव दिले. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ याने त्या शब्दाची थट्टेने निराळी फोड केली आणि 'ब्लॉग' हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका लहानशा कंपनीने 'ब्लॉगर' ही सोय काढली, जी पुढे २००३ साली गूगलने विकत घेतली. या सोयीमुळे ज्यास संगणकाची भाषा यत्किंचितही येत नाही, अशा माणसासही आपले लिखाण प्रसिद्ध करता येऊ लागले. छापखाना नको, कागद नको, संपादकाची मनधरणी नको, साभार परतीचे दुःखही नको. हे शेवटचे सुख काही लेखकांना अधिक झाले आणि वाचकांना थोडे जाचक झाले, हे खरे. तथापि ज्यांना कोणतेही मासिक दार उघडीत नव्हते अशा कितीतरी माणसांना या सोयीने वाचक मिळवून दिला, हेही तितकेच खरे.

मराठीस ही सोय जरा उशिरा उपयोगी पडली. प्रारंभी मराठी टंकांची स्थिती अशी होती की प्रत्येक कंपनीची अक्षररचना निराळी. एकाने पुण्यात टंकलेले पत्र दुसऱ्याने नागपुरात उघडले की त्यात देवनागरीऐवजी भलतीच चिन्हे दिसत. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीमुळे ही अडचण दूर झाली. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा देवनागरी टंक आला, आणि पुढील काही वर्षांत घरोघरचे संगणक मराठी लिहू-वाचू लागले. मग पाककृती, प्रवास, कविता, शेती, शेअरबाजार, आईच्या आठवणी अशा सर्व विषयांवर मराठी ब्लॉग निघाले. ज्यांना मराठी बोलावयास आसपास कोणी नव्हते, अशी परदेशी गेलेली मंडळी त्यात उत्साहाने लिहीत.

आता मोजणीकडे वळतो, कारण माझा खरा विषय तोच आहे.

अमेरिकेत २००२ साली 'टेक्नोराटी' नावाची एक संस्था निघाली. जगातील ब्लॉग शोधून त्यांची गणती ठेवावी, हे तिचे काम. तिचे अहवाल प्रसिद्ध होत आणि त्यांतील आकडे डोळे दिपविणारे असत. ब्लॉगांची संख्या काही महिन्यांत दुप्पट होते, असे ते सांगत. २००८ सालच्या अहवालात, २००२ पासून नोंदलेल्या ब्लॉगांची संख्या १३ कोटी ३० लाख दिलेली होती. वृत्तपत्रांनी हा आकडा मोठ्या अक्षरांत छापला. परंतु याच अहवालात आणखी एक आकडा होता. मागील १२० दिवसांत ज्यांवर एखादे तरी नवे टिपण आले, अशा ब्लॉगांची संख्या होती अवघी ७४ लाख. म्हणजे शंभरांत सहासुद्धा नव्हेत. बाकीचे कोठे गेले? ते कोणी बंद केले नव्हते. उत्साहाच्या भरात काढले, चार-दोन पाने लिहिली आणि सोडून दिले. कोणी आपल्या ज्ञातीची शिरगणती करावयास निघावे आणि केवळ जन्माच्या नोंदी मोजून, मृत्यूची वही न उघडताच, संख्या जाहीर करावी, त्यातलाच हा प्रकार.

ब्लॉग किती, हा झाला एक प्रश्न. एका ब्लॉगचे वाचक किती, हा दुसरा, आणि तो अधिक बिकट. सुरुवातीस पानाच्या तळाशी एक लहानसे गणकयंत्र असे आणि त्याचे अंक वाढत जात. त्यांस 'हिट' म्हणत. आता हिट म्हणजे वाचक नव्हे. ज्या सर्व्हरवर ते पान ठेविलेले असते, त्याच्याकडे झालेली प्रत्येक मागणी म्हणजे एक हिट. एका पानावर दहा छायाचित्रे असतील, तर एका वाचकाने ते पान एकदा उघडताच अकरा हिट पडत. ज्याला आकडा वाढवावयाचा असेल त्याने लेख सुधारण्याची आवश्यकता नव्हती. चित्रे वाढविली की काम भागे! पुढे ही पद्धत मागे पडली आणि 'भेट देणारे' मोजण्यास आरंभ झाला. वाचकाच्या यंत्रात एक खूण ठेवावयाची आणि ती पुन्हा दिसली की तोच मनुष्य आला असे समजावयाचे. येथेही मनुष्य मोजला जात नाही, यंत्र मोजले जाते. एकच गृहस्थ सकाळी मोबाईलवर, दुपारी कचेरीतील संगणकावर आणि रात्री मुलाच्या टॅबवर तेच पान उघडतात, तेव्हा ते तिघे होतात. आणि ज्या घरात एकाच संगणकावर सासू, सून आणि नात वाचतात, तेथे तिघी मिळून एक ठरतात.

याखेरीज आणखी एक युक्ती निघाली होती. ब्लॉगवर नवे लिखाण आले की त्याची वर्दी वाचकाकडे आपोआप जाई. या व्यवस्थेस 'आरएसएस' म्हणतात. (हे नाव ऐकून कोणीही भलता अर्थ घेऊ नये, ही निव्वळ संगणकीय व्यवस्था आहे.) किती जणांनी अशी वर्दी मागविली आहे हे मोजण्यासाठी शिकागो येथे २००४ मध्ये 'फीडबर्नर' ही कंपनी निघाली आणि २००७ मध्ये गूगलने तीही घेतली. वर्गणीदार मोजण्याचा हा प्रकार बराच प्रामाणिक होता. परंतु वर्गणीदार म्हणजे वाचक नव्हे, हे आपल्या मंडळास निराळे सांगावयास नको. स्मरणिकेचे बंद पाकीट कित्येक घरांत दिवाळीपर्यंत बंदच असते, याचे मी उगाच कोणाचे नाव घेत नाही.

पॉडकास्ट हे या आरएसएसचेच अपत्य होय. लिखाणाच्या वर्दीबरोबर ध्वनीची फाईलही जोडून पाठविता यावी, अशी योजना डेव्ह वायनर यांनी २००० सालच्या अखेरीच्या सुमारास केली. २००१ च्या ऑक्टोबरात अॅपल कंपनीचा 'आयपॉड' निघाला, आणि २००४ च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने लंडनच्या 'गार्डियन' पत्रात या नव्या उद्योगासाठी जी तीन नावे सुचविली, त्यांत 'पॉडकास्टिंग' हे एक होते. तेच टिकले. २००५ च्या जूनमध्ये अॅपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि अवघ्या दोन दिवसांत १० लाख वर्गण्या नोंदल्या गेल्याचे जाहीर केले. तरीदेखील हा प्रकार लोकांच्या अंगवळणी पडावयास वेळ लागला. एडिसन रिसर्च ही संस्था अमेरिकेत प्रतिवर्षी पाहणी करते. तिच्या २००६ च्या पाहणीत शेकडा ११ लोकांनी आयुष्यात एकदा तरी पॉडकास्ट ऐकल्याचे सांगितले. हेच प्रमाण निम्म्यावर जाण्यास २०१९ साल उजाडले, तेव्हा ते शेकडा ५१ होते. मधल्या काळात, २०१४ मध्ये, 'सीरियल' नावाच्या मालिकेने एका जुन्या खुनाच्या खटल्याचा शोध आठवड्या-आठवड्याने सांगितला आणि ज्यांनी हा शब्दही ऐकला नव्हता असे पुष्कळ लोक या माध्यमाकडे वळले. आपल्याकडे स्वस्त मोबाईल आणि त्याहून स्वस्त इंटरनेट आल्यावर मराठीतही पॉडकास्टांनी चांगले मूळ धरले आहे. गाडी चालविताना, पोळ्या लाटताना किंवा यंत्रावर टीप मारताना डोळे व हात गुंतलेले असतात, परंतु कान रिकामे असतात; त्या कानांचे हे माध्यम आहे. आपल्या धंद्यातील माणसास हे पटवून द्यावे लागू नये. शिंप्याच्या दुकानात रेडिओ नाही, असे आपण कधी पाहिले होते काय?

परंतु या माध्यमाची मोजणी ब्लॉगहूनही अवघड. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पॉडकास्ट पोस्टाच्या पाकिटासारखा आहे. फाईल पाठविणाऱ्याच्या सर्व्हरवरून निघते आणि ऐकणाऱ्याच्या मोबाईलमध्ये जाऊन पडते. ती निघाली, एवढेच पाठविणाऱ्यास कळते. याला डाउनलोड म्हणतात. पुढे ती ऐकली, अर्धी टाकली की न उघडताच पुसून टाकली, हे सर्व्हरला कळत नाही. शिवाय एकच मोबाईल तीच फाईल तुकड्या-तुकड्याने मागवितो आणि शोधयंत्रांचे स्वयंचलित हस्तकही त्या मागवीत असतात. यामुळे डाउनलोड या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने लावू लागली. तेव्हा अमेरिकेतील जाहिरातदार-प्रकाशकांच्या संस्थेने नियम बांधले आणि २०१७ मध्ये त्यांची सुधारलेली आवृत्ती काढली. निदान एक मिनिटाचा ध्वनी पोचला तरच तो डाउनलोड मानावा. एकाच पत्त्यावरून, एकाच तऱ्हेच्या यंत्राने चोवीस तासांत कितीही वेळा मागविले तरी ते एकच धरावे. ज्ञात हस्तकांची मागणी वगळावी, असे ते नियम आहेत. नियम चांगले आहेत. पण तेही पाकीट पोचल्याचीच ग्वाही देतात, वाचल्याची नव्हे.

या मोजणीतील एक उदाहरण तर फारच बोलके आहे. अॅपलच्या पॉडकास्ट-यंत्रणेत पूर्वी अशी रीत होती की, एखाद्या श्रोत्याने काही दिवस एखादी मालिका ऐकणे सोडले आणि मग पुन्हा ऐकू लागला, की मधल्या काळातील सारे राहिलेले भाग आपोआप त्याच्या मोबाईलमध्ये येऊन पडत. त्याने ते ऐकले नाहीत तरी मोजणीत धरले जात. २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या नव्या आवृत्तीत कंपनीने ही रीत बंद केली. त्याबरोबर अनेक मोठमोठ्या मालिकांचे डाउनलोड एकदम खाली आले, विशेषतः ज्यांचे जुने भाग पुष्कळ आणि जे रोज निघतात त्यांचे. जाहिरातदार घाबरले, निर्माते चिंतेत पडले. वास्तविक या बदलाने ऐकणारा एकही मनुष्य कमी झाला नव्हता. जे भाग कोणी ऐकतच नव्हते ते मोजावयाचे थांबले, एवढेच.

याच्या उलटही घडते. यूट्यूबने आपल्या छोट्या चित्रफितींची गणना ३१ मार्च २०२५ पासून बदलली. आता फीत सुरू झाली किंवा पुन्हा फिरली की ती पाहिली असे धरतात, किती वेळ पाहिली याची अट उरली नाही. साहजिकच आकडे फुगले. आपल्या मुलांच्या मोबाईलवर 'एक लाख लोकांनी पाहिले' असे दिसले, म्हणजे त्यांपैकी पुष्कळांनी अंगठ्याने वर सरकविताना क्षणभर दर्शन घेतले, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. कापडी मापपट्टी फार वर्षे वापरली की ताणून लांबते आणि तिने घेतलेले माप फसवे निघते, हे आपल्या घरांतून लहान मुलासही शिकविले जात असे. येथे तर पट्टीचा मालकच तीवरचे इंच मध्येच बदलतो.

आता या आकड्यांची एवढी ओढ कशासाठी, हे पाहिले पाहिजे. उत्तर सरळ आहे. जाहिरातदार दर हजार श्रोत्यांमागे अमुक दर देतो. जेथे हजारामागे पैसे मिळतात, तेथे हजार वाढविण्याचे मार्गही निघतात. २०२२ मध्ये अमेरिकेत असे उघडकीस आले की, मोबाईलवर खेळ खेळणाऱ्यांना खेळातील बक्षिसाचे आमिष दाखवून एका जाहिरातीवर बोट ठेवावयास लावीत आणि त्यासरशी पॉडकास्टची फाईल त्यांच्या मोबाईलमध्ये उतरू लागे. खेळणाऱ्यास पॉडकास्टशी कर्तव्य नव्हते. त्यास खेळातली नाणी हवी होती. कागदावर मात्र तो श्रोता झाला.

हा रोग आजचा नाही, हे सांगण्यासाठी थोडे मागे जातो. सभेतील पांढऱ्या केसांच्या मंडळींस रेडिओ सिलोन आठवत असेल. १९५२ साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटसंगीताची गळचेपी झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिलोनवरून अमीन सयानी यांचा 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा श्रोते मोजावयाचे साधन एकच होते, ते म्हणजे पत्रे. पहिल्याच कार्यक्रमास सुमारे ९,००० पत्रे आली आणि पुढे ही संख्या आठवड्यास ६५,००० पर्यंत गेली, असे सयानी सांगत. पत्र लिहावयास कार्ड लागते, शाई लागते, पेटीपर्यंत चालावे लागते. म्हणून ज्याने पत्र लिहिले त्याने कार्यक्रम ऐकला, यात शंका उरत नसे. एवढ्यापुरते ते माप आजच्या डाउनलोडाहून सच्चे होते. परंतु तेही संपूर्ण नव्हते. फर्माईशी गीतांच्या पत्रांत झुमरी तलैया हे नाव इतक्या वेळा येई की, सध्याच्या झारखंडातील ते लहानसे गाव साऱ्या देशाच्या तोंडी झाले. केवळ पत्रांवरून कोणी श्रोत्यांची खानेसुमारी केली असती, तर मुंबई-कलकत्त्याहून झुमरी तलैया मोठे शहर ठरले असते! तेथे पत्रे लिहिण्याचा छंद होता, हे त्याचे खरे कारण.

गमतीची गोष्ट अशी की, आजच्या पॉडकास्टवाल्यांसही एक झुमरी तलैया सापडले आहे. श्रोते कोणत्या गावचे, याचा तक्ता त्यांस मिळतो. नव्याने पॉडकास्ट काढणारा तो तक्ता उघडतो तेव्हा अमेरिकेतील 'अॅशबर्न' या गावी आपले श्रोते असल्याचे पाहून त्याचा ऊर भरून येतो. व्हर्जिनिया राज्यातील या गावी संगणकांची प्रचंड कोठारे आहेत आणि तेथील यंत्रेच या फाईली मागवीत असतात. उद्या आपला पॉडकास्ट निघाला आणि अॅशबर्नमध्ये नामदेव शिंपी समाजाची मोठी वस्ती असल्याचे दिसून आले, तर कृपा करून तेथे शाखा उघडण्याचा ठराव कोणी मांडू नये.

छापील मजकुराची गोष्टही फार निराळी नाही. वृत्तपत्रांचा खप तपासणारी 'ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स' ही संस्था आपल्याकडे १९४८ पासून आहे. ती विकलेल्या प्रती मोजते. एक प्रत किती जण वाचतात, हे प्रतीवर लिहिलेले नसते. आपली स्मरणिका घ्या. ती किती छापली, हे खजिनदार पैशापर्यंत सांगतील. पण ती मुलगा वाचतो, आजोबा वाचतात, माहेरी आलेली लेक चाळते, शेजारचे मागून नेतात, आणि पाच वर्षांनी कोणीतरी माळ्यावरून काढून एखाद्या मयत काकांचे छायाचित्र शोधतो. तिच्यातील सर्वांत अधिक वाचली जाणारी पाने कोणती, हे सांगण्यास मात्र कोणत्याही यंत्राची गरज नाही. वधूवरसूचीच्या कडा कशा मळलेल्या असतात, ते पाहावे.

या सूचीवरून एक गंभीर गोष्ट सांगावीशी वाटते. वाचकास मोजावयाचे, तर त्याजवर नजर ठेवावी लागते. किती वाचले हे कळण्याच्या ओघात कोणी काय वाचले, हेही कळू लागते. कोणत्या घरातून कोणत्या मुलीचे स्थळ कितीदा पाहिले गेले, ही माहिती उद्या आपल्या संकेतस्थळावरून कोणाच्या हाती गेली, तर त्याचा उपयोग कसा होईल याची कल्पना येथे बसलेल्या प्रत्येक आईबापास येईल. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आहे. परंतु कायद्याची वाट न पाहता मंडळाने ठरवावे की, वधूवरसूचीच्या पानांवर मोजणीची कोणतीही परकी यंत्रणा बसवावयाची नाही. तेथील आकडा आपणांस नको आहे.

तर मग मूळ प्रश्नास उत्तर काय? योजनेच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणे असे दिसते की, शंभर-दीडशे लोकांनी ऐकावयाचे असेल तर एवढा खटाटोप कशाला. माझे म्हणणे असे की, हा आकडा लहान आहे की मोठा, हे तो कोणाच्या शेजारी ठेवितो त्यावर अवलंबून आहे. चित्रपटतारकेच्या मुलाखतीशेजारी ठेविला तर तो क्षुल्लक दिसेल. परंतु समजा, एखादा भाग खरोखरच सव्वाशे माणसांनी ऐकला, तर एवढी माणसे एका वृद्धाभोवती पाऊण तास बसून त्याचे बोलणे शांतपणे ऐकत आहेत, असे दृश्य आपल्या कार्यालयात कधी तरी दिसते काय? जाहिरात विकावयाची नसल्याने आपणांस हजारांची गरज नाही. आपल्याला हव्या आहेत त्या आठवणी, आणि त्या सांगणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. बाराबंदी कशी बेतावी, कुंचीला झालर कशी लावावी, यंत्र घरात येण्यापूर्वी एका सदऱ्याची शिलाई किती पडे, लग्नसराईत दिव्याखाली रात्ररात्र बसून काजे कशी केली जात, तयार कपड्यांची दुकाने आली तेव्हा कोणत्या पेठेतील कोणती घरे धंदा सोडून गिरणीत किंवा रेल्वेत गेली, हे सांगू शकणारे किती उरले आहेत? हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात पुरते लिहिलेले नाही. खुद्द आपल्या स्मरणिकांतही शिक्षणात चमकलेल्यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे आली, पण ज्या हातांनी शिवून त्यांची फी भरली ते हात काय करीत, यावर दोन पानेही निघाली नाहीत.

आपल्या कुळीचे जे सर्वांत मोठे नाव, त्या नामदेवमहाराजांचे उदाहरण येथे द्यावयाचे ते श्रद्धेने नव्हे, हिशेबानेच देतो. परंपरेप्रमाणे त्यांचा काळ १२७० ते १३५०. कीर्तन करीत ते पंजाबपर्यंत गेले आणि तेथे बराच काळ राहिले. घुमानच्या त्या कीर्तनास किती माणसे बसत, हे कोणी मोजले नाही. परंतु १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा मध्ये अडीचशे वर्षे लोटलेली असूनही नामदेवांची पदे तेथे उपस्थित होती. आज गुरु ग्रंथसाहिबात ती ६१ आहेत. याच घुमानात २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेही त्या गावात मराठी बोलणारे किती आहेत हे मोजून नव्हे. आपल्या आजोबांच्या आठवणींची अशी थोरवी आहे, असे मला म्हणावयाचे नाही. बोललेला शब्द कधी व कोणास उपयोगी पडेल याचा हिशेब पहिल्या महिन्याच्या तक्त्यात मांडता येत नाही, एवढेच दाखवावयाचे आहे.

तरीही मोजणी मुळीच करू नये, असे माझे मत नाही. एक आकडा मात्र जरूर पाहावा, आणि तो म्हणजे ऐकणारा कोणत्या मिनिटास उठून गेला, हा. काही यंत्रणा आपल्याकडील श्रोत्यांपुरता तो दाखवितात. दीड तासाचा भाग असेल आणि निम्मे लोक पंधराव्या मिनिटास जात असतील, तर आठवणी सांगणाऱ्याचा दोष नाही. प्रास्ताविक करणाऱ्याने पंधरा मिनिटे घेतली, हा दोष आहे. (आमच्यासारख्या व्याख्यात्यांस असा तक्ता मिळत नाही, हे आमचे भाग्य.) असा आकडा कामाचा, कारण त्याने काम सुधारता येते. बाकीची चौकशी माणसांकडेच करावी. पुढील संमेलनात नावनोंदणीच्या वेळी प्रत्येक कुटुंबास दोनच प्रश्न विचारावेत: घरात कोणी ऐकले, आणि ऐकून कोणती जुनी गोष्ट आठवली. जे सभासद बाहेरगावी किंवा परदेशी आहेत, त्यांना तालुका-प्रतिनिधींनी दूरध्वनी करावा. आपण काही लाखांनी नाही. आपण एकमेकांस नावाने ओळखतो. जाहिरातदारांना जे माप कोट्यवधी रुपये खर्चूनही मिळत नाही, ते आपणांस चहाच्या पेल्यावर मिळू शकते.

खर्चाविषयीही दोन शब्द. उत्तम ध्वनिग्राहक यंत्र एकदाच घ्यावे लागेल; पंख्याखाली, टीव्हीच्या शेजारी मोबाईल ठेवून केलेले मुद्रण कोणीच ऐकणार नाही, मग आकड्यांना दोष देऊन उपयोग नाही. दुसरे असे की, मूळ मुद्रणे परक्यांच्या फुकट जागेवर विसंबून ठेवू नयेत. जिओसिटीज या सोयीवर असंख्य लोकांनी आपली पाने उभारली होती. ती २००९ मध्ये बंद झाली. ब्लॉगांची वर्दी वाचण्याचे गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले आणि पॉडकास्ट ऐकविणारे गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये. फुकट दिलेले घर घरमालक केव्हाही परत मागतो. यास्तव प्रत्येक मुद्रणाच्या निदान तीन प्रती असाव्यात: एक कार्यालयातील कपाटात, एक दुसऱ्या गावच्या शाखेकडे, आणि एक ज्यांच्या आठवणी असतील त्यांच्या कुटुंबाकडे. त्याचप्रमाणे दरवर्षी निवडक मुद्रणांचा लेखी मजकूर या स्मरणिकेत छापावा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तो वाचता येईल, आणि कागद उघडावयास वीज लागत नाही.

मुद्रण कोणाचे करावे, यावरही थोडे वाद होतील, हे मी गृहीत धरतो. माझी सूचना अशी की, प्रथम मंडळाच्या माजी पदाधिकाऱ्यांपासून आरंभ करू नये. त्यांची भाषणे आपल्या इतिवृत्तांत आहेतच. ज्या आजींनी कधी व्यासपीठावर पाऊल ठेविले नाही, पण ज्यांनी घरी बसून पोलकी शिवून चार मुलांना वाढविले, त्यांच्यापासून आरंभ करावा. त्या प्रथम "मला काय येतं सांगायला?" असेच म्हणतील. त्यांना प्रश्न विचारणारी व्यक्ती नातीच्या वयाची असावी. आजी समितीपुढे बोलत नाहीत, नातीपुढे बोलतात. आणि बोलून झाल्यावर काय ठेवावे व काय वगळावे, याचा शेवटचा शब्द आजींचाच असावा.

हा विषय पुढील महिन्याच्या सभेत पुन्हा निघणार आहे. तोपर्यंत आपापल्या घरातील आणि वाड्यातील, ज्यांनी बोलावे असे वाटते, त्यांची नावे, वय आणि गाव चिटणीसांकडे लिहून द्यावे. ज्यांचे वय अधिक आणि प्रकृती नरम, त्यांची नावे प्रथम द्यावीत.